उभ्यांची बॅग आणि आडव्यांची बॅग

माणसाने एखाद्या खेळावर जीव लावावा, पण शेजाऱ्याला सोबत घेऊन लावू नये. आमच्या बायकोचं म्हणणं, खेळावर लावूच नये, स्वयंपाकघरातल्या गळक्या नळावर लावावा. तिचं ऐकण्याचं माझं वय आता उलटून गेलं आहे आणि न ऐकल्याचे भोग भोगायचं वय नुकतंच सुरू झालं आहे.

मी बॉक्सिंगवाला. म्हणजे खेळणारा नव्हे, बघणारा. उभ्या आयुष्यात मी कोणाला ठोसा मारलेला नाही. पाणीपुरवठा खात्याच्या तक्रार विभागात खिडकीमागे बसून माणसाला ठोसे खायची सवय होते, द्यायची होत नाही. पण रविवारी सकाळी टीव्हीवर दोन माणसं ग्लोव्ह्ज घालून समोरासमोर उभी राहिली की माझ्या अंगात काहीतरी संचारतं आणि बायको टीपॉयवरच्या कपबश्या उचलून आत नेते.

आमच्या भिंतीला भिंत लावून डॉक्टर राहतो. दातांचा डॉक्टर. आम्ही दोघं या इमारतीत एकदमच राहायला आलो, दोघांचे केस साधारण एकदमच गेले आणि दर रविवारी चहा झाला की डॉक्टर घरच्या कपड्यांवर आमच्याकडे येऊन सोफ्याच्या डाव्या टोकाला बसायचा. तिथे त्याच्या बैठकीचा खळगा पडला आहे. बायकोने गादी उलटून पाहिली, डॉक्टरने दुसऱ्या बाजूलाही खळगा पाडला. लढत चालू असताना मी ठोसे बघायचो आणि तो जबडे बघायचा. "गेला," तो हळहळून म्हणायचा, "वरचा डावा सुळा गेला." कोणी खाली पडला की मी टीव्हीतल्या रेफरीबरोबर आकडे मोजायला लागायचो, एक, दोन, तीन, आणि तेही एवढ्या मोठ्याने की जिन्यातून जाणारी माणसं दहा होईपर्यंत थांबायची. म्हणून डॉक्टरने माझं नाव 'रेफरी' ठेवलं होतं. मला ते आवडायचं. ऑफिसात मला लोक नुसतं 'अहो खिडकी' म्हणतात.

आता बॉक्सिंगमध्ये मला सगळ्यात आवडणारी गोष्ट सांगतो, कारण पुढे तिनेच माझा घात केला. पडलेल्याला कोणी हात लावत नाही. पाडणारा मुकाट्याने लांबच्या कोपऱ्यात जाऊन उभा राहतो आणि पडलेल्याला दहा आकड्यांची सवड मिळते. उठला तर उठला. एवढी सवड मला माझ्या साहेबाने कधी दिली नाही, बायकोने दिली नाही, एवढंच काय, दूधवालाही देत नाही. जगात एकच जागा अशी आहे जिथे पडलेल्या माणसाकडे पाहून सगळे थांबतात, आणि तिथेही तो मार खाऊनच पडलेला असतो.

तर एके रविवारी डॉक्टर आला नाही.

मी दार उघडं ठेवून बसलो. पहिली लढत झाली. दुसरी झाली. दुसरीत एक जण पडला, मी मोजायला सुरुवात केली आणि पाचावर माझा आवाजच बसला, कारण शेजारी बसून "गेला रे, दाढ गेली" म्हणणारं कोणी नव्हतं. मग मला भिंतीपलीकडून टीव्हीचा आवाज आला. त्यात माणसं ओरडत होती, पण घंटा वाजत नव्हती. मी भिंतीला कान लावला.

"काय करताय?" बायकोने विचारलं.

"डॉक्टर आजारी आहे का बघतोय."

"भिंतीतून?"

आजारी नव्हता. त्याहून वाईट होतं. डॉक्टर एमएमए बघत होता. ज्यांना हा प्रकार माहीत नाही ते सुखी आहेत, त्यांच्यासाठी सांगतो. दोन माणसांना पिंजऱ्यात घालतात. ती ठोसे मारतात, लाथा मारतात, एकमेकांना उचलून आपटतात आणि पडलेल्याला सवड देणं तर सोडाच, त्याच्या छातीवर बसून उरलेलं मारतात. मग कोणीतरी कोणाची तरी मान काखेत धरतं आणि बराच वेळ दोघं जमिनीवर एकमेकांत गुंतून पडून राहतात. याला खेळ म्हणतात.

हे विष डॉक्टरच्या घरात आणलं त्याच्या जावयाने. जावई व्यायामशाळेत शिकवतो आणि जमिनीवर लोळून लोळून त्याच्या कानांचे फ्लॉवरचे गड्डे झाले आहेत. दुसऱ्या कोणी आणलं असतं तर डॉक्टरने हाकलून दिलं असतं. पण जावयाने हौसेने टीव्हीवर वर्षभराची सोय करून दिली, आणि जावयाने दिलेली गोष्ट नको म्हणायची हिंमत माझ्या ओळखीच्या एकाही सासऱ्यात नाही. आधी तो जावयाचं मन राखायला बघत होता. मग जावई नसतानाही बघायला लागला.

मी जिन्यात गाठून विचारलं. "अरे, पडलेल्याला मारतात तो कसला खेळ?"

"आणि तुमच्यात काय करतात?" डॉक्टर म्हणाला. "पडला की मोजायचं, उठला की परत मारायचं. त्याच्या मेंदूचा भुगा होईपर्यंत तुम्ही आपले मोजत बसा. आमच्यात बघ, झेपलं नाही की हाताने दोनदा थोपटायचं. समोरच्याला थोपट, जमिनीवर थोपट. त्या क्षणी समोरचा सोडतो. केवढा सभ्यपणा आहे!"

त्याचं बाकीचं मला काहीच लागलं नाही. 'तुमच्यात' आणि 'आमच्यात' हे दोन शब्द मात्र मी वर घरापर्यंत घेऊन आलो. आयुष्यात मला मित्र म्हणावा असा हा एकच माणूस मिळाला, आणि तो भिंतीपलीकडे असून पिंजऱ्यात गेला.

मग मला ती कल्पना सुचली. डॉक्टरला तरुणपणापासून एक हौस होती: ठोसे मारायची लटकती बॅग. दवाखान्यात दिवसभर लोकांच्या तोंडात वाकून संध्याकाळी चार ठोसे मारावेत, असं तो नेहमी म्हणायचा. आमच्या इमारतीच्या तळघरात एक खोली आहे. तिथे मोडक्या सायकली आणि कोणीच न मागितलेलं एक टेबल-टेनिसचं टेबल पडून आहे. तिथे एक बॅग टांगायची. डॉक्टर आपसूक परत येईल. एक हूक, एक साखळी, एक बॅग. एवढंच. पुढे जे झालं त्याला मी जबाबदार आहे असं आमच्या घरात रोज एकदा तरी म्हटलं जातं, पण एवढंच होतं हो.

बॅग घरी आली ती रिकामी. ही बाब दुकानदार सांगत नाहीत. आत काय भरायचं हे ज्याचं त्याने बघायचं असतं. चौथ्या मजल्यावर एक विमावाले राहतात. त्यांनी आयुष्यात सायकलसुद्धा चालवलेली नाही, पण सल्ला द्यायला त्यांना विषयाची अट नसते. ते म्हणाले, "वाळू भरा." मी वाळू भरली. बॅग जमिनीवरून हलेना. मी ठोसा मारून पाहिला तर माझाच हात खांद्यापर्यंत झिणझिणला. वाळू काढली. मग विमावाले म्हणाले, "मी म्हटलंच होतं, चिंध्या भरा." मी घरोघर चिंध्या मागितल्या. लोकांनी एवढ्या उदारपणे दिल्या की इमारतीची माझ्यावर केवढी माया आहे असं वाटून मला भरून आलं. दोन दिवसांनी कळलं की आमच्या खालच्या मजल्यावरच्या बाईंनी चुकून नवऱ्याची मुलाखतीची पँट दिली होती आणि तिच्या खिशात कपाटाची किल्ली होती. बॅग परत उसवली. किल्ली तळाला मिळाली. पँटवर वाळू बसली होती, तरी नवरा तीच घालून मुलाखतीला गेला, आणि नोकरी मिळाली नाही याचा दोष अजून माझ्याकडे आहे.

मग हूक. छताला भोक पाडायला गवंडी आणला. विमावाल्यांनी हाताने टकटक करून जागा दाखवली; "इथे काँक्रीट भरीव आहे," म्हणाले. गवंड्याने त्यांच्यावर विश्वास ठेवला, मी गवंड्यावर ठेवला आणि ड्रिल थेट पाण्याच्या मुख्य नळात गेलं. तळघरात पाणी, इमारतीला पाणी नाही. सोमवारी मी खिडकी उघडली तर रांगेत पहिल्या आमच्याच खालच्या बाई. "कोणीतरी मूर्ख माणसाने नळ फोडलाय," त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडे रोखून पाहत म्हणाल्या, "लिहून घ्या." मी लिहून घेतलं. नियमाप्रमाणे कारणाच्या रकान्यात काय लिहू, असंही मला विचारावं लागलं. त्यांनी सविस्तर सांगितलं.

नळ दुरुस्त झाला, पण आता प्रकरण इमारतीच्या समितीकडे गेलं. आमचे चिटणीस नोंदणी कार्यालयातून निवृत्त झालेले आहेत. तिथून ते सगळं मागे ठेवून आले, नियम तेवढे बरोबर घेऊन आले. त्यांनी सभा बोलावली. मी उभा राहून बॅगेचे फायदे सांगितले: आरोग्य, शिस्त, तरुण पिढी. तरुण पिढी म्हणून तिथे फक्त जावई होता. सासऱ्याच्या शेजारी बसला होता. तो नम्रपणे उठला. जावई फार नम्र आहे, हीच अडचण आहे.

"काका, बॅग फार आखूड आहे," तो म्हणाला. "खाली मांडीच्या उंचीला लाथ मारता येत नाही. लांब बॅग हवी. आणि खाली मॅट हव्यात. पडायला."

"पडायचं कशाला?" मी विचारलं.

"पडणं हाच अर्धा खेळ आहे, काका."

मी डॉक्टरकडे पाहिलं. डॉक्टरने मान हलवली. जावयाच्या बाजूने हलवली. मला वाटतं तिथेच मी थांबायला हवं होतं, नळ फुटला तेव्हाच थांबायला हवं होतं खरं तर, पण मी म्हणालो, "सभ्य माणसाला उभं राहून लढता येतं. जनावरं लोळतात."

झालं. इमारतीत दोन तट पडले. ज्यांनी आयुष्यात टीव्हीवर स्वयंपाकाच्या स्पर्धेपलीकडे मारामारी पाहिली नव्हती, ते एकमेकांना 'उभेवाले' आणि 'आडवेवाले' म्हणायला लागले. विमावाले उभेवाले झाले, कारण आडवेवाल्यांत त्यांचा भाडेकरू होता. खालच्या बाई आडवेवाल्यांत गेल्या, कारण उभेवाल्यांत मी होतो. जिन्यात लोक एकमेकांना वाट देईनात. माझ्या बायकोने आणि डॉक्टरच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी, मात्र बाजू घेतली नाही. त्या दोघी रोज संध्याकाळी गच्चीवर कपडे काढताना भेटायच्या आणि मी वर गेलो की गप्प व्हायच्या.

शेवटी चिटणिसांनी तोडगा काढला. "दोन्ही बाजूंनी प्रात्यक्षिक करा," ते म्हणाले. "जो खेळ सरस ठरेल, त्याची बॅग. लेखी ठराव करू."

"मी तयार आहे," जावई म्हणाला.

त्याच्या कानांकडे पाहून मी एक पाऊल मागे सरकलो. पण चिटणिसांनी नियम वाचला: तळघराचा वापर फक्त सभासदांना. जावई सभासद नाही. आडवेवाल्यांत जमिनीवर लोळायला तयार असलेला सभासद म्हणजे एकटा डॉक्टर. आणि उभेवाल्यांत विमावाल्यांना ऐन वेळी रक्तदाब निघाला. राहिलो मी.

अशा रीतीने, ज्या माणसाला सोफ्यावर परत आणायला मी बॅग आणली होती, त्याच माणसाशी इमारतीच्या ठरावानुसार मारामारी करायची वेळ माझ्यावर आली. नुसता स्पर्श करायचा, जोर लावायचा नाही, असं ठरलं होतं. तरी मला तीन रात्री झोप नव्हती. एकदा वाटलं सरळ जाऊन सांगावं, बाबा रे, तुझी लांब बॅग लाव, मॅट टाक, पलंग टाक हवं तर, फक्त रविवारी येत जा. उठून दारापर्यंत गेलोही. मग त्याच्या टीव्हीचा आवाज आला आणि मी परत येऊन पडलो.

दात सांभाळायला तोंडात रबरी कवच घालतात. ते आमच्या दोघांसाठी डॉक्टरनेच बनवायचं ठरलं, कारण इमारतीत दुसऱ्या कोणाला येत नाही. मी माप द्यायला दवाखान्यात गेलो. तेव्हा आम्ही एकमेकांशी बोलत नव्हतो. त्याने खुणेने मला खुर्चीवर बसवलं, खुणेने तोंड उघडायला सांगितलं आणि माझ्या जबड्यात लगदा दाबून धरला. तो बोलत नव्हता, मला बोलता येत नव्हतं. खुर्चीला दिवा असतो ना, त्यात त्याचा चेहरा अगदी जवळून दिसत होता. थकलेला वाटला. मला विचारायचं होतं, बरा आहेस ना रे, पण तोंडात लगदा.

कवच त्याने इतकं चोख बनवलं होतं की एकदा बसलं की बसलं. हातात ग्लोव्ह्ज असताना काढणं अशक्य, आणि घातल्यावर तोंडातून 'उं' शिवाय काही निघत नाही. डॉक्टरची सगळी कामं अशीच असतात, त्याने बसवलेला दात माणसाबरोबर जातो.

प्रात्यक्षिकाला सगळी इमारत तळघरात जमली. उभेवाले उभे होते, आडवेवाले जावयाने आणलेल्या मॅटच्या कडेने बसले होते. मधोमध माझी बॅग लटकत होती. तडजोड म्हणून तिला खालून एक उशी शिवून लांब केलं होतं. त्यामुळे ती आता ठोशाच्याही कामाची नव्हती आणि लाथेच्याही. रेफरी चिटणीस. त्यांनी दोन्ही खेळ कधी पाहिले नव्हते, पण त्यांच्याकडे शिट्टी होती. मी चष्मा काढून बायकोच्या हातात दिला. तिने तो पुसून डब्यात घातला आणि म्हणाली, "शोभतं का हे?" समोर मला डॉक्टर म्हणून एक पांढरा ठिपका दिसत होता.

शिट्टी वाजली. मी टीव्हीत बघतो तसा पाय नाचवत पुढे गेलो. दोन पावलांत दम लागला. ठिपकाही पुढे आला. आम्ही बराच वेळ एकमेकांभोवती फिरलो, कोणीच काही करेना, आणि मागून विमावाले ओरडले, "डावा टाका, डावा!" मी डोळे मिटून डावा टाकला. त्याच वेळी जावई ओरडला, "बाबा, पाय धरा!" आणि डॉक्टर माझा पाय धरायला खाली वाकला.

माझा ग्लोव्ह त्याच्या टकलाला पुसटसा लागला. डॉक्टर गुडघ्यावर आला, मग कुशीवर, मग पाठीवर पडला आणि पडून राहिला.

मग उभेवाल्यांनी जो जल्लोष केला, तो मी मरेपर्यंत विसरणार नाही. मी माणूस पाडला होता! मी, खिडकी! आणि अशा वेळी सभ्य बॉक्सर काय करतो, हे मला पाठ होतं. मी वळलो, मुकाट्याने लांबच्या कोपऱ्यात सायकलींपाशी जाऊन उभा राहिलो आणि माझ्या सवयीने, चिटणिसांना काही सुचायच्या आत, माझ्याच छातीतून आवाज निघाला. कवचामुळे तो "उंक, ओंन, ईन" असा येत होता, पण विमावाल्यांना समजलं आणि सगळे उभेवाले माझ्याबरोबर मोजायला लागले. एक! दोन! तीन!

डॉक्टर पडल्या पडल्या उजव्या हाताने मॅटवर थोपटत होता. थप थप. थप थप.

"बघा, जिद्द बघा," विमावाले म्हणाले. "उठायला जोर घेतोय. चार!"

आडवेवाल्यांना यात काही वावगं दिसलं नाही. त्यांच्या खेळात पाठीवर पडणं हा डाव असतो म्हणे. पाय वर घ्यायचे आणि समोरच्याला आपल्या अंगावर बोलवायचं. आणि थोपटणं म्हणजे हार हे खरं, पण ते कोणी धरलेलं असताना. डॉक्टरला तर कोणीच धरलं नव्हतं. "बाबांनी सापळा लावलाय!" जावई आनंदाने ओरडला. "काकांना खाली बोलावतायत! बाबा, पाय वर!"

"उंऽऽऽ," डॉक्टर म्हणाला. थप थप थप थप.

"पाच! सहा!"

"पाय वर घ्या, बाबा! पाय!"

मीही ती थोपटी ऐकली. खोटं कशाला बोलू, ऐकली. जिन्यात त्याने मला स्वतःच्या तोंडाने तिचा अर्थ सांगितला होता. पण मी सातावर आलो होतो, चष्म्याशिवाय समोर सगळं धूसर होतं आणि माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच एवढी माणसं माझ्या तोंडाकडे बघून माझ्याबरोबर आकडे म्हणत होती. आठ! नऊ! दहा! मी दोन्ही हात वर केले.

"अहो, त्यांची कंबर गेली!"

वहिनी ओरडल्या होत्या. त्यांना बॉक्सिंगमधलं काही कळत नाही आणि एमएमएमधलं काही कळत नाही. गर्दीतून वाट काढत त्या मॅटवर गेल्या आणि गुडघ्यांवर बसून त्यांनी डॉक्टरचा थोपटणारा हात दोन्ही हातांनी धरला. "गाढवांनो," त्या सगळ्यांकडे बघून म्हणाल्या, "तो माणूस मघापासून मदत मागतोय." डॉक्टरच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. माझे हात अजून वरच होते. ते खाली कसे आणायचे हे मला कळेना.

डॉक्टरला मॅटसकट उचलून वर नेलं. चार उभेवाले, चार आडवेवाले. प्रकरण सुरू झाल्यापासून इमारतीने एकत्र केलेलं हे पहिलं काम. मी हात लावायला गेलो तर वहिनी म्हणाल्या, "तुम्ही नको." आणि दार लागलं.

पुढचे दिवस कसे गेले ते विचारू नका. चिटणिसांना ठराव लिहिता येईना. उभेवाल्यांच्या मते मी दहा मोजून जिंकलो होतो, आडवेवाल्यांच्या मते कोणी कोणाला धरलंच नव्हतं, तेव्हा लढतच झाली नव्हती. विषय पुढच्या सभेवर ढकलला. तोवर बॅग काढायची तर काढण्याचा ठराव नाही, म्हणून ती तशीच लटकते आहे आणि सध्या खालच्या बाई तिच्यावर ओल्या छत्र्या अडकवतात. ऑफिसात एकाने मला "काय चॅम्पियन?" म्हटलं. बातमी तिथेही पोचली होती, डॉक्टरला झोपवलं एवढीच पोचली होती. घरी बायको मोजकं बोलत होती. रविवारी मी टीव्ही लावला, सोफ्याच्या डाव्या टोकाकडे पाहिलं आणि टीव्ही बंद करून नळाचा वॉशर बदलला. तो तरी गळायचा थांबला.

मग एका सकाळी वहिनींनी बेल वाजवली. दारातूनच म्हणाल्या, "जावई गावाला गेलेत. यांना उठवून खुर्चीवर बसवायचंय आणि मला एकटीला पेलत नाहीत. माणूस म्हणून या. दुसरं काही नाही."

डॉक्टर कडक फळीवर उताणा झोपला होता. खोलीला बामाचा वास येत होता. पायथ्याशी टीव्ही होता आणि टीव्हीत पिंजरा. त्याने छताकडे बघतच मला विचारलं, "लागलं का रे तुला, त्या दिवशी?"

"मला कसलं लागतंय," मी म्हणालो. त्याची घसरलेली चादर सरळ केली. मग म्हणालो, "चुकलो रे. ऐकू आलं होतं मला."

"माहीत आहे," डॉक्टर म्हणाला. "तुझा आवाज सातावर जरा कापला होता." मग तो म्हणाला, "हाडांच्या डॉक्टरने सांगितलंय, सोफा बंद. मऊ बैठक आता जन्मात नाही."

मी मान हलवली. म्हणजे तो खळगा आता तसाच राहणार. बॅग, नळ, पँट, ठराव, सगळं ज्याच्यासाठी केलं, ते एका वाक्यात संपलं. आता रविवारी मला इथे येऊन या लाकडी खुर्चीवर बसून लोळणारी माणसं बघावी लागणार होती. "मग मीच येईन इकडे," मी म्हणालो. वहिनी नाही म्हणाल्या नाहीत; त्यांनी खुर्ची पुढे सरकवली.

मी वाकलो, त्याच्या दोन्ही काखांखालून हात घातले आणि हळूहळू त्याला वर घेतलं. तो माझ्या गळ्यात पडल्यासारखा उभा राहिला, सगळं वजन माझ्यावर टाकून. खुर्चीकडे अर्धं पाऊल टाकलं असेल नसेल, त्याचं अंग ताठ झालं. आणि त्याच्या हाताने माझ्या पाठीवर थोपटलं. थप थप.

मी जागच्या जागी थांबलो. श्वाससुद्धा थांबवला. सोडणं शक्य नव्हतं, सोडलं असतं तर तो पडला असता, म्हणून नुसता थांबलो. टीव्हीत कोणीतरी कोणाच्या छातीवर बसून मारत होतं. मला दुसरं काही सुचेना, म्हणून मी त्याच्या कानाशी, अगदी हळू आवाजात, मोजायला लागलो. एक. दोन. तीन. प्रत्येक आकड्याला त्याचा श्वास थोडा सैल होत होता. आठाला मी थांबलो आणि विचारलं, "जमेल आता?"

"घाई काय करतोस, रेफरी?" डॉक्टर माझ्या खांद्यावर कपाळ टेकून म्हणाला. "अजून दोन आहेत माझे."